पहिलें पाणी कोणाचें?

गेल्या भाद्रपदांतील एका सोमवारची गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले होते. आम्ही ओसरीवर आरामखुर्चींत बसून जुन्या छायाचित्रांचा एक गठ्ठा सोडवीत होतों, तोंच मागल्या खोलीचें दार उघडून धाकट्या सूनबाई बाहेर आल्या. डोळे लाल झालेले, कानांवरचें यंत्र गळ्यांत लोंबत असलेलें. बराच वेळ त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटीं एवढेंच म्हणाल्या, “बाबा, पुन्हां तुटलें.”

काय तुटलें हें विचारण्याचें कारण नव्हतें. पुण्याच्या एका कचेरीचें हिशेबाचें काम सूनबाई गेलीं दोन वर्षें येथें पिंपळीस, आमच्या घराच्या अगदीं मागल्या खोलींत बसून करतात. सकाळीं दहाला त्या लॅपटॉप उघडतात, इंटरनेटच्या वाटेनें कचेरीच्या खासगी जाळ्यांत शिरतात, आणि सायंकाळीं सहा वाजतां बाहेर पडतात. त्या दिवशीं महिन्याचा ताळेबंद वरिष्ठांसमोर मांडावयाचा होता. बोलणें ऐन रंगांत आलें असतां आवाज फाटला, चित्र गोठलें, आणि संबंध सुटला. पुन्हां आंत शिरावें, तों कचेरीचीं सगळीं दारें भरलेलीं! पाऊण तासानें जागा मिळाली तेव्हां मंडळी उठून गेली होती. दुपारीं पत्र आलें कीं, अशी अडचण वारंवार येत असेल तर दिवाळीनंतर पुण्यास येऊनच काम करणें श्रेयस्कर होईल.

पत्राची भाषा सौम्य होती. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात, त्या घरास अशा पत्राचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाहीं. धाकटे चिरंजीव बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस. नात दुसरीच्या वर्गांत. आमच्या गृहिणीचे गुडघे असे कीं, त्यांस पाटावरून उठण्यास सूनबाईंचा हात लागतो. सूनबाई पुण्यास गेल्या तर नात त्यांच्याबरोबर जाणार, चिरंजीव शनिवार-रविवारचे पाहुणे होणार, आणि पगारांतला मोठा भाग खोलीच्या भाड्यांत जाणार. नोकरी सोडावी तर एवढ्या कष्टानें मिळविलेली विद्या वायां जावयाची. हा दुसरा मार्ग घरांत कोणीं कोणीं हलक्या आवाजांत सुचविलाही. आम्हांस तो मान्य नव्हता, आणि आजही नाहीं.

सबब चौकशी आरंभिली. थोरला नातू अभियांत्रिकी शिकतो. त्यानें दोन दिवस घरांतील जोडणीचें मोजमाप केलें. तिसऱ्या दिवशीं जेवणें झाल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “आजोबा, रागावूं नका. चोर सांपडला आहे, पण तो ओसरीवर बसतो.”

वाचकांस सांगण्यास संकोच वाटतो, परंतु तें खरें होतें. शाळेंतील नोकरीच्या काळांत जमविलेलीं छायाचित्रें, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, विद्यार्थ्यांच्या हस्तलिखितांचे अंक हें सर्व यंत्रानें टिपून दूरच्या साठवणींत चढविण्याचें काम आम्हीं निवृत्तीनंतर हातीं घेतलें आहे. स्नान, पूजा आटोपली म्हणजे दहा वाजतां आम्ही त्यास बसतों. सूनबाईही दहालाच बसतात. आम्हीं कधीं कल्पनाही केली नव्हती कीं, ओसरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या चित्रांनीं मागल्या खोलींतील सुनेच्या तोंडचा शब्द अडावा.

तो कसा अडतो हें नातवानें आम्हांस ज्या रीतीनें समजाविलें, त्याच रीतीनें येथें सांगतों. आमच्या जोडणीची येणारी वाट रुंद आहे, जाणारी अरुंद. घरगुती जोडण्या पुष्कळदां अशाच असतात. कारण घरीं माणूस पाहतो-ऐकतो फार, बाहेर पाठवितो थोडें. कोनाड्यांत राउटर नांवाची जी पेटी आहे, तिच्या पोटांत बाहेर जाणाऱ्या मालाचा सांठा करण्यास जागा असते. आमचें एकेक चित्र म्हणजे लक्षावधि बारीक खुणांचें ओझें. तें तुकडे तुकडे होऊन त्या पोटांत जाऊन बसे. सूनबाईंच्या बोलण्याचे तुकडे त्यामानानें अगदीं लहान, सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढे. परंतु पेटीस लहान-मोठें कळत नव्हतें. जो आधीं आला तो आधीं जाई. दूरध्वनीच्या शास्त्रांत असें मानतात कीं, शब्द एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास १५० मिलिसेकंदांच्या आंत पोंचला तर संभाषण स्वाभाविक वाटतें. आमच्या चित्रांच्या रांगेमागें तो सेकंद सेकंद तिष्ठत राही. चित्र एक तास उशिरा चढलें तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. शब्द एक सेकंद उशिरा पोंचला तर तो शब्दच राहत नाहीं. सर्व मर्म या एका भेदांत आहे.

ही अडचण आमच्या ओसरीचीच नव्हे, हें ऐकून थोडें समाधान वाटलें. १९८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील बर्कले येथें एक प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ यांमधील जोडणी अशीच गुदमरली. अंतर अवघें ४०० यार्ड, म्हणजे आमच्या घरापासून गांवच्या शाळेइतकें. परंतु सेकंदास ३२ हजार बिट वाहून नेणारी ती वाट एकाएकीं ४० बिटांवर आली! व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञानें त्याचा छडा लावला आणि १९८८ मध्यें उपाय प्रसिद्ध केला. उपाय ऐकण्यासारखा आहे. कोणी वरचा अधिकारी नेमून त्यानें रांग लावावी असें त्यानें सुचविलें नाहीं. प्रत्येक पाठविणाऱ्यानें आरंभीं थोडें पाठवावें, पोंच आली तर हळूहळू वाढवावें, आणि एखादा तुकडा वाटेंत हरवला असें दिसतांच पुढें गर्दी आहे असें समजून आपण होऊन मागें सरावें, एवढाच नियम. आज जगांतील बहुतेक यंत्रें या किंवा अशाच नियमानें वागतात. मग आमची पेटी कां चुकली? तर तिचें पोट फार मोठें. तुकडा हरवतच नाहीं, सांठ्यांत पडून राहतो; त्यामुळें पाठविणाऱ्यास गर्दी झाल्याची वार्ताच लागत नाहीं, आणि तो पाठवीतच राहतो. आंधळ्या उदारपणानेंही माणसाची अडवणूक होते ती अशी.

हें सारें ऐकतांना आम्हांस राहून राहून शिवारांतल्या कालव्याची आठवण होत होती. आमचें पिंपळी गांव बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवर, काटेवाडीच्या अलीकडे. नीरा डावा कालवा येथूनच जातो. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानें ज्याची निकड पटविली, असा हा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. भाटघरच्या धरणांत सांठलेलें पाणी नीरेंतून वीर येथें येतें, तेथें कालव्यांत शिरतें, आणि पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून सुमारें दीडशें किलोमीटर जातें. मुख्य कालव्यास फांटे, फांट्यांस चाऱ्या, चाऱ्यांस मोऱ्या; म्हणजे हेंही एक जाळेंच, आणि यांतही मुखाशीं बसलेले व शेपटाशीं बसलेले अशा दोन जाती आहेत. आमच्या धाकट्या बंधूंचें शेत चारीच्या शेपटास आहे; म्हणून या विषयांतील आमचें ज्ञान पुस्तकी नाहीं.

कालवा आला त्याबरोबर पाण्याचा लोभही आला. मुखाजवळच्या शेतांत वाटेल तेवढें पाणी आणि शेवटास धूळ, असें चित्र दिसूं लागलें. गंमत अशी कीं, अधिक पाणी घेणाऱ्याचेंही त्यानें कल्याण झालें नाहीं. या कालव्याखालील कित्येक एकर जमीन अति पाण्यानें खारावून चोपण झाली, तेथें आज गवतही धड उगवत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं पुणें भागांत अधिकारी असलेले एम. विश्वेश्वरय्या यांनीं याच कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धति सुरू केली. गांवोगांव जमिनीचे ठराविक तुकडे नेमावयाचे, त्यांतील कांहीं भागांतच ऊंस करूं द्यावयाचा, बाकींत कमी पाण्याचीं पिकें घ्यावयाचीं. म्हणजे पाणी एकाच जागीं मुरून न राहतां अधिक गांवांस पुरेल. पाणी किती आहे यापेक्षां तें कोणास, केव्हां व कशासाठीं मिळतें याचा विचार त्यांत मुख्य होता.

आणि मग आपली शेजपाळी. शब्द मोठा गोड आहे. संस्कृतांत ‘पालि’ म्हणजे ओळ, आणि ‘पालि’ म्हणजे बांधही. मराठींतील पाळीचा संबंध त्या शब्दाशींच लावतात. रांग आणि बांध हे दोन्ही अर्थ एका शब्दांत असावेत हें आम्हांस फार सूचक वाटतें, कारण बांध नसेल तर पाण्याची रांग लागत नाहीं. शेतकऱ्यानें सात नंबरच्या नमुन्यावर अर्ज करावा, पीक व क्षेत्र लिहावें. त्यावरून कालव्याच्या कचेरींत पाळीपत्रक तयार व्हावें. आणि आवर्तन सुटलें कीं पाटकऱ्यानें त्या पत्रकाप्रमाणें मोऱ्या उघडाव्यात व मिटाव्यात. यांतील तत्त्व असें कीं, शेपटाकडील शेतास पहिलें पाणी, आणि मग एकेक मोरी वर सरकत मुखाकडे यावयाचें.

हें उलटें कां, असें आम्हीं लहानपणीं वडिलांस विचारलें होतें. ते म्हणाले, “मुखाच्या माणसाच्या बांधावरून पाणी रोज जातें, तें त्याला कोण चुकवणार? शेवटच्याचें पाणी मात्र वाटेंत कोणीही चुकवील.” यापेक्षां अधिक नेमकें उत्तर आम्हांस पुढें कोणत्याही ग्रंथांत आढळलें नाहीं. जो उगमाजवळ बसला आहे त्यास थांबण्याची किंमत थोडी पडते. जो दूर आहे त्यास ती सगळ्या पिकानें भरावी लागते.

आमच्या धर्मशास्त्रालाही हें अपरिचित नव्हतें. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत भोजनाचा क्रम सांगतांना नववधू, कुमारिका, रोगी व गर्भवती यांस अतिथीच्याही आधीं जेवावयास घालावें असें म्हटलें आहे. आणि अन्नाचा जो धनी, तो गृहस्थ व त्याची पत्नी यांनीं सर्वांमागून जेवावें. त्या ग्रंथांतील सर्वच गोष्टी आज कोणी शिरोधार्य मानाव्यात असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु या पंक्तींत मानाचा क्रम निराळा आणि गरजेचा क्रम निराळा, एवढें निश्चित जाणलेलें आहे. आमच्या घरांत पानें वाढतांना हा भेद पाळला जातो. इंटरनेटच्या पेटीपुढें मात्र आम्ही नकळत मानाच्या पाटावर बसलों होतों.

म्हणून रविवारीं सर्व मंडळी ओसरीवर बसवून शेजपाळीचें पत्रक केलें. पहिला मान मागल्या खोलीचा. तेथें राउटरच्या लहरी दोन दगडी भिंतींतून जाऊन थकत. आणि नातू सांगतो कीं, दूरचें थकलेलें यंत्र तेवढाच मजकूर पाठविण्यास हवेंतील अधिक वेळ खातें, म्हणजे शेपटाचें दुःख मुखालाही भोंवतें. यावर तोडगा अगदीं जुनाट निघाला: भिंतीच्या कडेकडेनें तार नेली आणि सूनबाईंचा लॅपटॉप थेट पेटीस जोडला. खर्च एका लुगड्यापेक्षांही कमी आला. मग नातवानें पेटींत असें लावून दिलें कीं, बोलण्याचे लहान तुकडे पुढें, चित्रांचें व चलच्चित्रांचें ओझें मागें. तसेंच बाहेर जाणाऱ्या वाटेचें जें खरें माप आलें, त्याहून थोडें कमी, शेंकडा पंचाऐंशी-नव्वद, एवढेंच पेटीनें सोडावें. हें आम्हांस प्रथम उधळपट्टी वाटली. परंतु त्याचें कारण असें कीं, पूर्ण भरून सोडल्यास रांग पुढें कंपनीच्या यंत्रांत लागते, तेथें आपला हात पोंचत नाहीं. थोडें कमी सोडल्यास रांग आपल्याच दारांत लागते, आणि आपल्या दारांतील रांग आपणांस लावतां येते. ज्या वाचकांच्या घरीं हीच तक्रार असेल त्यांनीं आधीं हा उपाय करून पाहावा. मोठी जोडणी घेण्याचा खर्च पुष्कळदां वांचतो.

वेळांचें पत्रक निराळें केलें. सकाळीं दहा ते सहा कचेरीचें काम. दुपारीं चार ते पांच नातीचा संस्कृत उच्चाराचा वर्ग. तो आवाजाचाच असल्यानें दोन्ही सुखानें नांदतात. थोरल्या चिरंजीवांचीं मोबाइलमधील चित्रें आपोआप चढत, तीं आतां रात्रीं चढतात. नातवाचे खेळ साडेनऊनंतर. आमचें टिपण्याचें काम आम्ही दिवसाच करतों, मात्र चढविणें रात्रीं अकराच्या पुढें. आणि कालवाच फुटला तर पाळीपत्रकाचा कांहीं उपयोग नाहीं, हें आम्हीं २०२५ च्या मे महिन्यांत पाहिलें आहे. अवेळीं कोसळलेल्या पावसानें तेव्हां पिंपळी-लिमटेक येथें हाच नीरा डावा कालवा फुटला होता. म्हणून मूळ जोडणीच बंद पडेल त्या वेळेसाठीं सूनबाईंच्या मोबाइलमध्यें दुसऱ्या कंपनीची एक वाट तयार ठेवली आहे.

घरचें एवढें झालें. परंतु अर्धें दुःख कचेरीकडे होतें. तेथें दूरच्या माणसांस आंत घेण्याचीं दारें मोजकीं, कारण प्रत्येक दारास परवान्याचे पैसे पडतात. माणसें त्याहून अधिक. नियम एकच, पहिला येईल तो बसेल. पुण्यांत चांगल्या जोडण्यांवर बसलेली मंडळी नऊलाच दार उघडून आंत बसत, आणि जेवावयास गेलीं तरी दार अडवूनच जात. आमच्या सूनबाई, कोंकणांत बसून काम करणारे एक गृहस्थ आणि सोलापूरकडील एक बाई यांच्या जोडण्या मधूनच सुटत, आणि सुटल्या कीं त्यांची जागा जाऊन ते रांगेच्या शेवटीं. म्हणजे ज्याचें पाणी वाटेंत फुटलें, त्याचीच पाळी रद्द!

आपल्या देशांत अशा रांगेचा निवाडा पूर्वीं पैशानें करीत. ज्यांनीं ट्रंक कॉल लावले आहेत त्यांस साधा, अर्जंट आणि लायटनिंग हे तीन वर्ग आठवत असतील. १९८४ सालीं वडिलांचें दुखणें विकोपास गेलें तेव्हां नागपुरास असलेल्या थोरल्या बंधूंस कळविण्यासाठीं आम्ही बारामतीच्या दूरध्वनि-कचेरींत सकाळीं आठ वाजतां साधा कॉल लावून बसलों. दुपारचे दोन वाजले. शेजारीं एक व्यापारी येऊन लायटनिंग लावी, बाजारभाव विचारी आणि निघून जाई. आमच्या खिशांत तेवढे पैसे नव्हते. कॉल लागला तो दिवेलागणीस, आणि बंधु पोंचले ते तिसऱ्या दिवशीं. अधिक सांगत नाहीं. पुढें एसटीडी आली. देशांतील पहिली एसटीडी कानपूर व लखनौ यांमध्यें १९६० सालीं सुरू झाली होती, परंतु आमच्यासारख्यांच्या वांट्यास ती कितीतरी उशिरा आली. तिच्यांत रात्रीं उशिरा दर चौथाईवर येई, म्हणून बूथपुढें रात्रीं माणसांची रांग लागे. तीही एक पाळीच, पण झोंप विकून घेतलेली.

आजच्या मोबाइलच्या व्यवस्थेंत याहून बरा विचार आहे, हें आम्हांस नातवाकडून कळलें. प्रत्येक सिमकार्डास शून्य ते नऊ यांपैकीं एक वर्ग नेमलेला असतो, आणि तो श्रीमंती पाहून नव्हे, बहुधा क्रमांकाच्या शेवटच्या आंकड्यावरून. मनोऱ्यावर असह्य गर्दी झाली तर कांहीं वर्गांस थोडा वेळ थांबवून मग दुसऱ्यांस थांबवितां येतें, म्हणजे आळीपाळी. पोलीस, अग्निशामक, रुग्णवाहिका अशांसाठीं अकरा ते पंधरा हे वर्ग निराळे, आणि संकटाच्या हांकेस दहावा. तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडीस जातांना आमच्या दारावरून जाते. त्या दिवशीं लाखभर माणसांचे मोबाइल एकदम बोलूं पाहतात आणि शेजारच्या घरींही कॉल लागत नाहीं. अशा वेळीं एखाद्या वारकऱ्यास भोंवळ आली तर त्याच्यासाठींची हांक अडूं नये, ही त्या दहाव्या वर्गाची योजना.

तर हें सर्व मनांत घोळवून सूनबाईंनीं व आम्हीं मिळून कचेरीस एक पत्र लिहिलें. मजकूर त्यांचा, भाषेची थोडी डागडुजी आमची. दार अडवून पंधरा मिनिटें गप्प बसणाऱ्याची जागा मोकळी व्हावी. ज्याची जोडणी त्याच्या इच्छेविरुद्ध सुटली, त्याची जागा दहा मिनिटें त्याच्यासाठींच राखावी. जड कागदपत्रें उतरविणें-चढविणें दुपारीं जेवणाच्या वेळेस किंवा सायंकाळनंतर व्हावें. ज्यास वरिष्ठांसमोर निवेदन करावयाचें असेल त्याची वेळ आदल्या दिवशीं पत्रकावर लागावी व त्या वेळेस एक दार त्याच्या नांवानें ठेवावें. आणि पुण्याबाहेरच्यांस सकाळची पहिली पाळी द्यावी. शेवटच्या कलमावर घरांत मतभेद झाला. धाकटे चिरंजीव म्हणाले, “पुण्याचीं माणसें म्हणतील, आम्ही जवळ राहतों हा आमचा अपराध काय?” आम्हीं त्यांस आजोबांचें उत्तर सांगितलें. ते हंसले, पण पत्रांतून तें कलम काढलें नाहीं.

उत्तर आठ दिवसांनीं आलें. पहिलीं तीन कलमें मान्य, चौथें महिन्याच्या अखेरच्या आठवड्यापुरतें, पांचव्याविषयीं मौन. पुण्यास येण्याचा प्रश्न मार्चअखेरपर्यंत लांबणीवर. कोंकणांतल्या गृहस्थांनीं सूनबाईंस एक पेटी आमसुलें पाठविली, तीं आमच्या गृहिणींनीं बरणींत भरून ठेवलीं आहेत.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, एक पत्रक टांगलें आणि रामराज्य झालें. तसें मुळींच नाहीं. कालव्यावर शेजपाळी कागदावर जशी असते तशी चारींत नसते, हें आमच्या बंधूंस विचारावें. शेपटास पाळी लागल्याच्या रात्रीं वरच्या अंगास कोणी तरी फळी उचलतो, आणि पाटकरी एक, मैल अनेक. शिवाय शेतीच्या पंपांस वीजही पाळीनेंच मिळत आलेली, कांहीं दिवस दिवसा तर कांहीं दिवस रात्रीं; पाण्याची पाळी आणि विजेची पाळी यांची गांठ पडेलच असें नाहीं. शेतकऱ्यांच्या संस्थांनीं आपलें पाणी आपणच वांटून घ्यावें असा कायदा २००५ सालीं झाला; जेथें माणसें चारीवर स्वतः उभीं राहिलीं तेथें त्याचा उपयोग झाला, जेथें कागदच उभा राहिला तेथें झाला नाहीं.

आमच्या घरांतही तिसऱ्याच दिवशीं फळी उचलली गेली, आणि उचलणारे आम्हीच. एकादशी होती, एका कीर्तनाचें थेट प्रक्षेपण अकरा वाजतां होतें. आम्हीं मनाशीं म्हटलें, हें तर पुण्यकर्म, आणि येणारी वाट रुंदच आहे. त्याच सुमारास थोरल्या सूनबाई माहेरीं चित्रासह बोलत होत्या, नातवाचें कांहीं उतरत होतें, आणि प्रत्येकानें आपलें एकच आहे असें धरलेलें. मागल्या खोलीचें दार उघडलें. धाकट्या सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. कोनाड्याजवळ येऊन पेटीकडे पाहिलें आणि परत गेल्या. आम्हीं कीर्तन बंद केलें. तेव्हांपासून पत्रकाची देखरेख नातीकडे दिली आहे. ती आठ वर्षांची आहे, कोणाचीही भीड धरीत नाहीं, आणि शाळेला सुट्टी असली म्हणजे दर तासानें ओसरीवर येऊन आमच्या हातांतील यंत्र पाहून जाते. एकदां बंधूंनीं तिला विनोदानें “पाटकरीणबाई” म्हटलें. तें नांव आतां घरांत रूढ झालें आहे.

या महिन्यांत रब्बीचें आवर्तन चालू आहे. बंधूंची पाळी परवां रात्रीं दोन वाजतां होती. ते कंदील नव्हे, बॅटरी घेऊन चारीवर गेले तेव्हां आम्ही जागे होतों, कारण आमचीं चित्रें त्याच वेळीं चढत होतीं. पहांटे ते परत आले आणि म्हणाले, “आलें, पण अर्धेंच आलें, वर कोणी तरी घेतलें.” आम्हीं यंत्र पाहिलें. १९९१ च्या स्नेहसंमेलनाचीं ४३ चित्रें चढलीं होतीं, आणि ४४ वें अर्ध्यावर होतें.